आमच्या स्टेशन वॅगनचे सुटे भाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी साठवणीच्या पदार्थांवर बोलते, कोणी मुलांच्या दुखण्यांवर, कोणी यात्रेचे वर्णन करते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या गाडीवर बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. गाडी मला चालवतासुद्धा येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "चालवता येत नसेल. पण तिच्या खिळ्याखिळ्याचा पत्ता तुम्हालाच ठाऊक आहे." हे मात्र खरे. दोन वर्षे मी त्या खिळ्यांच्याच मागे होते. तेव्हा चार शब्द सांगते. गोड मानून घ्यावेत.

प्रथम गाडीविषयी. आमच्या मामंजींची गाडी म्हणजे विलिज कंपनीची स्टेशन वॅगन, १९५६ सालची. आपल्या पेठेतल्या जुन्या माणसांनी ती पाहिलेली आहे. मामंजींनी ती १९६८ साली एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतली आणि पंचवीस वर्षे भाड्याने चालवली. वऱ्हाडे नेली, जोतिबाला माणसे नेली, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बायका कोल्हापूरच्या दवाखान्यात पोहोचवल्या. आज या सभेत बसलेल्यांपैकी दोघींचा जन्म त्या गाडीने वेळेवर पोहोचल्यामुळे सुखरूप झाला, असे सासूबाई सांगतात. नावे मी घेत नाही. त्या दोघी आत्ताच हसू लागल्या आहेत!

स्टेशन वॅगन हे नाव कसे पडले तेही सांगते. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवर उतरलेले उतारू आणि त्यांचे सामान घेऊन जाण्यासाठी मागे लांब जागा असलेल्या गाड्या असत. त्यांचे सांगाडे लाकडी असत. लाकूड ऊन-पावसाने फुगे, सुटे होई. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ओहायो प्रांतातल्या टोलेडो गावच्या विलिज कंपनीने सगळीच पोलादी पत्र्याची वॅगन काढली. तिचा आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या कारागिराचा. गंमत अशी, की लोकांच्या डोळ्यांना लाकडाची सवय, म्हणून सुरुवातीला त्या पत्र्यावर लाकडासारखा रंग देत. इकडे मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिजच्या जीपगाड्या आणून जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच तयार होऊ लागल्या. हे ध्यानात ठेवा. आमचे निम्मे काम या एका गोष्टीने हलके झाले.

मी लग्न होऊन आले २००१ साली. तेव्हा गाडी पडवीत उभी होती आणि तिच्यात वैरण भरलेली असे. मामंजी गेले, गाडी तशीच राहिली. २०२२ साली एक गिऱ्हाईक आले. त्यांना हॉटेलात शोभेसाठी गाडी हवी होती. ती मधोमध कापून, पुढच्या तोंडाचा गल्ला करायचा असा त्यांचा बेत. पैसे बरे देत होते. धाकटे भावजी म्हणाले, "देऊन टाकू. चार भिंतींत गंजण्यापेक्षा बरे." त्यांचेही चुकीचे नव्हते, त्यांच्या मुलीची शिकण्याची फी भरायची होती. आमचे हे फिटर आहेत. हे गप्प बसले. सासूबाई मात्र जेवल्या नाहीत. शेवटी असे ठरले, की २०२४ च्या दसऱ्यापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर निघाली तर ठेवायची, नाहीतर विकून पैसे दोघा भावांनी वाटून घ्यायचे. हे गाडी दुरुस्त करणार. पण दिवसभर कारखान्यात, मग भाग कोणी शोधायचे? ते काम माझ्याकडे आले. आपल्या भिशीचे ४०,००० रुपये मला त्याच सुमारास लागले, तेही तिकडेच गेले.

आता कोणी म्हणेल, नवीन इंजिन बसवून, नव्या काचा घालून गाडी का नाही चालवली? त्याला दोन कारणे. एक म्हणजे यांचे मन. दुसरे सरकारी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुढे पुन्हा नोंदवताना ५,००० रुपये लागतात. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र सांगाडा, पत्र्याचा डबा, इंजिन यांत भलतेच फेरफार केलेले चालत नाहीत. आणि अशी गाडी रोजच्या धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे मूळ रूप टिकवणे ही हौस नव्हती, ती अट होती.

अमेरिकेत ही वॅगन बंद होऊन साठेक वर्षे झाली. मग भाग मिळायचे कसे? मी काय केले ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट वहीची. मुलाची एक दोनशे पानी वही घेतली. एका पानावर एकच भाग. त्याचे नाव, कुठे बसतो, किती हवेत, लांबी-रुंदी-जाडी. चपट्या भागांचे कागदी बेतणे कापले, ब्लाउजचे कापतो तसे. दुकानात तोंडाने सांगितले की दुकानदार "नाही" म्हणून मोकळा होतो. समोर बेतणे ठेवले की तो हातात घेतो, उलटेसुलटे करतो, आणि मग आतून डबा काढतो. बऱ्याच भागांवर नंबर ठोकलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासला की तो दिसू लागतो. आणखी एक, या गाडीचे आटे इंची आहेत. हल्लीचे मिलिमीटरचे बोल्ट त्यात पहिला फेरा जातात आणि मग अडकतात. जोर केला की मूळ आटाही जातो. म्हणून प्रत्येक पानावर मी 'इंची' असे लाल शाईने लिहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे नात्यागोत्याची चौकशी. लग्न जमवताना आपण विचारतो ना, हे कोणाचे कोण? तसेच विचारायचे, हा भाग आणखी कोणत्या गाडीला बसतो? आमच्या वॅगनचे इंजिन 'हरिकेन' जातीचे. त्याचा हवा घेणारा व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची वेगळीच रचना आहे. हेच इंजिन महिंद्रच्या जुन्या पेट्रोल जीपना होते. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट, पाण्याचा पंप हे सगळे 'वॅगनचे' म्हणून मागितले असते तर जन्मात मिळाले नसते. 'जुन्या पेट्रोल जीपचे' म्हणून मागितले आणि चार महिन्यांत जमले. काही कोल्हापुरात, काही पुण्याच्या जुन्या बाजारात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी, बुधवारी बोलायला सवड असते.

गाडीचा डबा मात्र जीपचा नव्हे, म्हणून खरी अडचण तिथे. दाराच्या मुठी, सरकत्या काचांच्या पट्ट्या, मागचा दिवा, चाकाच्या टोप्या आणि मागचा फाळका. या वॅगनचे मागचे दार दोन भागांचे आहे. काचेचा वरचा भाग वर उघडतो आणि खालचा फाळका खाली पडतो. आमचा फाळका वैरणीच्या ओलीने खालून कुजला होता, आणि त्याच्या खटक्याची मूठ व एक बिजागरी नाहीशी झाली होती. पुढच्या काचेचे दैव चांगले. ती दोन तुकड्यांची आणि दोन्ही सपाट, त्यामुळे बेतण्यावरून तडा गेला तरी न विखुरणारी जोडकाच कापून मिळाली. वाकवलेली काच असती तर मी आज हे भाषण करत नसते.

मुंबईच्या चोर बाजारात मी यांच्याबरोबर दोनदा गेले. त्या गल्ल्यांत काय नाही? ग्रामोफोन आहेत, हंड्या-झुंबरे आहेत आणि मोटारींचे भागही आहेत. एका दुकानात जुन्या, पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यातून दाराची मूठ काढून दाखवली. "असली माल, अमेरिकेचा," म्हणाले. मी पर्समधून लोहचुंबक काढला. आमची मूळ मूठ जस्ताच्या ओतकामाची, तिला चुंबक चिकटत नाही. ही चटकन चिकटली! डबा जुना होता, मूठ नवी होती. दुकानदार हसला, आम्हीही हसलो, आणि त्याने मग खालच्या फळीवरून मागच्या दिव्याची खरी लाल काच काढली. तिला एक कपचा गेलेला होता, पण कंपनीची खूण होती. खरा जुना भाग बहुधा असाच असतो, थोडा खरवडलेला, थोडा काळवंडलेला. फार चकचकीत दिसला की दोनदा पाहावे.

चाकाच्या टोप्यांची हकिकत तुम्हाला ठाऊकच आहे. चारांपैकी दोनच उरल्या होत्या. पुणे झाले, मुंबई झाली, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात यांच्या मित्राने चौकशी केली. आणि हळदीकुंकवाला आपल्याच एका मैत्रिणीच्या परसात गेले तर कोंबड्यांना पाणी ठेवलेले भांडे मला ओळखीचे वाटले! पालथे केले तर वर विलिजचे नाव. तिच्या सासऱ्यांना ती रस्त्याकडेला सापडली होती म्हणे. तिने ती घासून, हळदकुंकू लावून मला दिली, आणि मी कोंबड्यांसाठी स्टीलची थाळी नेऊन दिली. सांगायचा मुद्दा हा, की हरवलेली वस्तू आधी आपल्या गल्लीत विचारावी. निवृत्त ड्रायव्हर, बंद पडलेल्या गॅरेजचे मालक, जुन्या दुकानांचे भांडारी, त्यांच्या घरच्या बायका यांना विचारावे. अशा ठिकाणी फार घासाघीस करू नये. ज्याने चाळीस वर्षे एखादा डबा जपून ठेवला, त्याला दोन रुपये कमी करा म्हणणे बरे दिसत नाही. बसावे, चहा घ्यावा, गाडीची हकिकत सांगावी. दुसऱ्या खेपेला तोच माणूस तिसऱ्याचा पत्ता देतो.

आता मूळ भाग कुठे शोधू नये तेही सांगते, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. ब्रेकचे रबर, ब्रेकच्या नळ्या, टायर, विजेच्या तारा या वस्तू जुन्या डब्यात बंद, न वापरलेल्या मिळाल्या तरी घेऊ नयेत. रबर नुसते ठेवूनही कडक होते, चिरते. एका भल्या गृहस्थाने आम्हाला साठ वर्षांपूर्वीचे ब्रेकचे किट फुकट देऊ केले होते. आम्ही ते कपाटात शोभेला ठेवले आणि ब्रेकला नवीन घातले. ज्या गाडीने अडलेल्या बायका सुखरूप पोहोचवल्या, तिचे ब्रेक हौसेपायी कच्चे ठेवणे आम्हाला पटले नाही.

आता फाळक्याची गोष्ट. ही मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

दसऱ्याला पाच महिने उरले होते. गडहिंग्लजकडच्या एका खेड्यात अशीच एक वॅगन पडून आहे अशी खबर लागली. आम्ही गेलो. चिंचेखाली गाडी उभी, चारी चाके मातीत, इंजिन कधीच विकलेले. पण मागचा फाळका जसाच्या तसा! मूठ आहे, दोन्ही बिजागऱ्या आहेत. माझ्या छातीत धडधडू लागले. घरात एक सत्तरीच्या आजी होत्या. आम्ही किंमत सांगितली, चांगली सांगितली. त्या म्हणाल्या, "ह्यांची गाडी हाय ती. तुमची उभी करायला माझी आडवी करायची व्हय?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाजारात मिळणारे बहुतेक जुने भाग असेच कुठल्या तरी गाडीचे काढलेले असतात. एक पुरी करायची तर दुसरी संपते. ज्या गिऱ्हाइकाने आमची गाडी कापायचे ठरवले होते, त्याच्यात आणि आमच्यात मग फरक काय राहिला? परत येताना हे म्हणाले, "पैसे वाढवून बघू का?" मी म्हटले, "नको. ती बाई पैशाविषयी बोललीच नाही."

आठ दिवसांनी मी एकटीच एसटीने गेले. लसणाची चटणी नेली होती. बसले, त्यांच्या यजमानांच्या गोष्टी ऐकल्या. मग म्हटले, "आजी, विकत नको. फक्त मूठ आणि बिजागरी पंधरा दिवस उसनी द्या. नमुना करून घेते आणि माझ्या हाताने परत आणून देते." त्यांनी नातवाला हाक मारली, पाना आणायला सांगितला. कागद नाही, सही नाही. आपण विरजण उसने देतो, तसे त्यांनी दिले.

मग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका ओतकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एक गोष्ट शिकवली. मूळ वस्तूच वाळूत दाबून ओतले तर नक्कल लहान येते, कारण धातू निवताना आकसतो. पितळ शंभराला दीडच्या आसपास आकसते. एवढ्याशा फरकाने खटका खोबणीत बसत नाही. म्हणून त्यांनी आधी तेवढा वाढता लाकडी नमुना केला, त्यावरून पितळेची मूठ आणि बिजागरी ओतली, कानशीने साफ केली आणि वर क्रोम चढवून घेतले. फाळक्याचा पत्रा सपाट, खोल दाब नसलेला, म्हणून कुजलेला भाग कापून आपल्या इथल्याच डेंटरने नवा जोडला. तेराव्या दिवशी मी आजींचे भाग परत नेऊन दिले. सोबत बिजागरीची एक जास्तीची जोडीही दिली, कारण त्यांची एक झिजली होती. नातू म्हणाला, "काकू, आमची पण चालू होईल का?" मी त्याला माझ्या वहीची नक्कल दिली आहे. तो अजून ठरवतो आहे.

आमच्या नव्या मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे सहसा दिसत नाही तिथे, आम्ही '२०२४' असे कोरून घेतले. पुढे कोणी ती मूळची समजून फसू नये म्हणून. मूळ वस्तूचा मान ठेवायचा तर नकलेनेही आपण नक्कल आहोत हे सांगितले पाहिजे.

दसऱ्याच्या आदल्या रात्री दोनला इंजिनाने पहिला आवाज दिला. सकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर पडवीबाहेर आली. सासूबाई मधल्या बाकावर बसल्या. हार घातला तो भावजींनीच. विक्रीचा विषय त्यांनी आपणहून मिटवला. त्यांच्या मुलीची फी आम्ही दोघा घरांनी मिळून भरतो आहोत. ते ओझे आहे, नाही म्हणत नाही. पण ते वाटून घेतलेले आहे.

या दोन वर्षांत मला एवढे कळले, की दुर्मीळ वस्तू पैशाने मिळतेच असे नाही. ती नीट नाव ठाऊक असलेल्याला, मोजून-मापून विचारणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या वस्तूचा मान राखणाऱ्याला मिळते. यातले कोणतेही काम आपल्याला नवे नाही. माळ्यावरच्या डब्यात काय आहे हे घरात आपल्याशिवाय कोणाला ठाऊक असते? उसने परत करण्याची लाज कोणाला असते?

जाता जाता एक विनंती. आमच्या गाडीची चौथी टोपी अजून मिळालेली नाही. आणि तीच कशाला, भंगारवाला दारात आला की डबा त्याच्या काट्यावर ठेवण्याआधी आतली वस्तू घासून बघा, तिच्यावर नाव-नंबर आहे का ते पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, "हे कशाचे?" किलोच्या भावाने आपल्या हातात वीस-पंचवीस रुपये येतात, दुसऱ्या कोणाची तरी दोन वर्षांची वणवण तेवढ्याने थांबेल.